शबाना आझमी, १९८६ चं उपोषण आणि आपलं विडी घरकुल

पूर्वभागातली

बरेच दिवस हा धागा काढायचं डोक्यात होतं. शबाना आझमीवर कुठंही लेख आला की साचा ठरलेला असतो, आधी 'अंकुर', मग 'अर्थ', मग पाच राष्ट्रीय पुरस्कार, मग जावेद अख्तर, आणि अगदी शेवटी जागा उरली तर 'त्या समाजकार्यही करतात' असं एक वाक्य. मला त्या शेवटच्या वाक्याबद्दलच बोलायचंय. सोलापूरच्या लोकांशीच बोलायचंय, कारण घरासाठी भांडणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या पूर्व भागात, विडी आणि मागावरच्या कामगारांच्या वस्तीत, कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तर १९८६. मुंबईत कफ परेडला संजय गांधी नगर नावाची झोपडपट्टी होती, ती पाडली. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १९८५ मध्ये, सुप्रीम कोर्टाचा ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल आलेला. त्यात कोर्टानं मान्य केलं की माणूस फुटपाथवर राहतो तो जवळ काम मिळतं म्हणून, तिथून हाकललं तर पोटच जातं, आणि पोट हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. वाचायला किती छान वाटतं ना, पण त्याच निकालात ३१ ऑक्टोबरपर्यंत हटवू नका, पाऊस जाऊ द्या, असंही होतं, म्हणजे त्यानंतर हटवायला मोकळीक. हक्क मान्य झाला आणि झोपड्या पडायच्या त्या पडल्याच.

त्या पाडलेल्या वस्तीतल्या लोकांबरोबर शबाना उपोषणाला बसली. बरोबर आनंद पटवर्धन होते, मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावर त्यांनी आदल्या वर्षी माहितीपट केला होता. शबानाला तेव्हा मृणाल सेन यांच्या सिनेमासाठी फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवाला जायचं होतं, ते सोडलं. वडील, शायर कैफी आझमी, बाहेरगावी होते, त्यांनी मुलीला तार केली, बाप म्हणून काळजी वगैरे काही नाही, कॉम्रेड म्हणून शुभेच्छा. पाच दिवस चाललं. शेवटी सरकारनं गोरेगावला दिंडोशीत पर्यायी जागा दिली.

त्या पाच दिवसांत नटी आणि कार्यकर्ती हे वेगळं काढताच येत नाही असं मला वाटतं. तिचा चेहरा ओळखीचा होता म्हणून पेपरवाले आले, पण नुसता चेहरा दाखवून ती गाडीत बसून गेली नाही, उपाशी बसली, आणि नंतर झोपडपट्टीवाल्यांच्या घरासाठी लढणाऱ्या निवारा हक्क सुरक्षा समितीबरोबर वर्षानुवर्षं राहिली. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

जुनी_गिरणी

ताई, चांगला विषय काढलात. थोडी मागची गोष्ट सांगतो, कारण ही बाई आकाशातून उपोषणाला उतरली नाही.

जन्म हैदराबादचा, १८ सप्टेंबर १९५०. कैफी कम्युनिस्ट पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते, आई शौकत इप्टाच्या, म्हणजे डाव्या विचारांच्या नाट्यचळवळीच्या, आणि पृथ्वी थिएटरच्या नटी. राहायला मुंबईत पक्षाचं रेड फ्लॅग हॉल. एका कुटुंबाला एक खोली, संडास बाथरूम सगळ्यांत मिळून, भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येणार, एकाच्या घरात भात नसला तर दुसऱ्याच्या घरातून यायचा. आई नाटकाच्या दौऱ्यावर पोरीला बरोबर घेऊन जायची, बाप मदनपुऱ्यात कामगारांच्यात. आमच्या गिरणीच्या चाळीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. म्हणून 'अभिनेत्री ते कार्यकर्ती' असं जे लिहितात ते मला पटत नाही, घरात चळवळ आधी होती, सिनेमा नंतर आला.

आणि ज्या इप्टात कैफी आणि शौकत होते त्याच इप्टाच्या मांडवात आपल्या बार्शीचे शाहीर अमर शेख होते. बार्शीच्या गिरणीतला कामगार, पुढं अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक. म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा आणि या घराण्याचा सांधा तिथंच आहे. आपल्या पोरांना अमर शेख माहीत नाहीत याचं वाईट वाटतं, पण तो वेगळा धागा होईल.

विक्रम_होटगीरोड

मला थोडं वेगळं म्हणायचंय, कुणी मनावर घेऊ नका. सेलिब्रिटी लोक आंदोलनाला बसतात तेव्हा बातमी त्यांची होते. संजय गांधी नगरातल्या एका तरी बाईचं नाव कुणाला माहितीय का? नाही. शबाना माहितीय. ज्यांचं घर पडलं त्या पण उपाशीच बसलत्या की. आपल्याकडं गिरण्या बंद पडल्या, लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठला स्टार आलता सोलापूरला? मुंबईत कॅमेरे असतात म्हणून मुंबईत बसतात, हे खरं का नाही सांगा.

पूर्वभागातली

विक्रम, तुमचा पहिला मुद्दा बरोबर आहे आणि तो मला टोचतोच. ज्या बायका तिथं बसल्या त्यांची नावं कुठल्याच लेखात येत नाहीत, मी पण वर लिहिताना शबाना आणि पटवर्धन हीच दोन नावं लिहिली.

पण कॅमेऱ्याचं म्हणाल तर, कॅमेरा आला म्हणून तर सरकार हललं. त्याआधी मुंबईत १९८१ पासून फुटपाथवाल्यांना उचलून गाड्यांत घालून शहराबाहेर सोडणं चालू होतं, कॅमेरे नव्हते तेव्हा कुणी विचारलं का? तिच्याकडं जे होतं ते तिनं दिलं, ओळख होती, ओळख दिली. पैसे दिले असते तर आपण दानशूर म्हणून गप्प बसलो असतो, शरीर उपाशी ठेवलं म्हणून प्रसिद्धीसाठी केलं म्हणतो. मला हे न्यायाचं वाटत नाही.

विडी_घरकुल

मी सोलापूरजवळ कुंभारीला राहतो, विडी कामगार बायकांच्या गोदूताई परुळेकर घरकुलात. आई विडी वळायची, अजून पण थोडं वळते. म्हणून या धाग्यावर लिहावं वाटलं.

बाहेरच्यांना माहीत नसेल तर सांगतो, विडी वळणारी बाई कशी राहायची. दहा बाय दहाची भाड्याची खोली, सकाळी ब्रँचला, म्हणजे विडी कारखान्याच्या केंद्रावर, जाऊन पान तंबाखू आणायचं, पान भिजवायचं, कापायचं, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायचं, संध्याकाळी परत ब्रँचला द्यायचं, तिथं तपासणारा माणूस खराब म्हणून मूठभर बाजूला काढणार त्याचे पैसे नाहीत. मजुरी हजार विड्यांवर. त्याच खोलीत स्वयंपाक, तंबाखूचा वास, त्यातच पोरं झोपणार. घरमालकानं भाडं वाढवलं की बोचकं उचलायचं. आमच्या आईनं किती खोल्या बदलल्या तिला पण आठवत नाही.

कामगार नेते आडम मास्तरांनी आणि लाल बावट्याच्या (कम्युनिस्ट युनियनच्या) बायकांनी घराची मागणी लावून धरली, सोलापुरातून मोर्चे, मुंबईला मोर्चे, दिल्लीला सुद्धा. कितीतरी वर्षं. तेव्हा लोक हसायचे की विडी वळणाऱ्या बायकांना कोण घर देणार बे. मग दहा हजार घरं झाली कुंभारीच्या माळावर, थोडा वाटा बाईचा, थोडा केंद्राचा, थोडा राज्याचा. आता त्याच्यापुढं रे नगर, तीस हजार घरांचं, त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या.

यात एकही हिरोईन नव्हती. मला शबानाबाईंबद्दल आदर आहे पण विक्रमदादा म्हणतात तेवढं खरं आहे, लढाई ज्याची त्यानं लढली तरच होते. आमची आई म्हणते, मोर्चाला गेलं की त्या दिवशीची मजुरी बुडायची, तरी जायचो, कारण नाही गेलो तर शेजारीण एकटी पडायची.

अनघा_पुणे (माहेर दक्षिण कसबा)

विडी_घरकुल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईंना नमस्कार सांगा.

मला एक जोडायचं आहे. ते पाच दिवस संपले आणि जागा मिळाली, इथं सगळे लेख संपतात. पण कफ परेड ते दिंडोशी हे अंतर बघा. कफ परेडच्या वस्तीत राहणारे लोक तिथल्याच इमारतींत धुणीभांडी, शिपायाची कामं, बांधकामावर मजुरी करायचे. घर गेलं शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि काम राहिलं इकडंच. ओल्गा टेलिसच्या निकालात कोर्टानं जे म्हटलं, की माणूस कामाजवळ राहतो, ते पुनर्वसनात पहिल्यांदा विसरलं जातं. कुंभारीला पण सुरुवातीला असंच झालं असणार ना, ब्रँच शहरात आणि घर माळावर?

निवारा हक्कवाल्यांना हे नक्की कळत होतं असं मला वाटतं, कारण त्यांच्यात पी. के. दास यांच्यासारखे आर्किटेक्ट होते आणि ते नुसतं 'घर द्या' म्हणत नव्हते, कुठं, कसं, किती मोकळी जागा, शाळा कुठं, असं मांडत होते. पुढं बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कोर्टाच्या आदेशानं हजारो झोपड्या काढल्या गेल्या, त्यांच्यासाठी चांदिवलीला संघर्ष नगर उभं राहिलं, त्यात समितीचा मोठा वाटा होता. शबाना त्यात होती. हे काम पाच दिवसांचं नव्हे, आणि त्याचे फोटो पण कुणी काढत नाही. बैठका, याद्या, पात्र अपात्र, कागद, परत बैठका.

विडी_घरकुल

हो ताई, तेच झालतं. पाणी, बस, दवाखाना, सगळ्यासाठी परत मोर्चे. घर मिळालं म्हणजे संपलं असं कधीच नसतंय. पण घर बाईच्या नावावर, हा फरक मोठा पडला. दारू पिऊन कुणी बाहेर काढू शकत नाही तिला.

श्रीनिवास_कन्ना_चौक

सगळे आंदोलनाचंच बोललालेत, मी सिनेमाचं बोलतो कारण मला त्यातलंच कळतंय.

आमचं घर पद्मशाली. आजोबा तेलंगणातून माग घेऊन सोलापूरला आले, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात दखनी, तिकडं अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, असंच वाढलो. 'अंकुर' पहिल्यांदा बघितला तेव्हा अंगावर काटा आला, कारण हिंदी सिनेमात अशी बोली कधी ऐकलीच नव्हती, ती आपल्या बाजारातली वाटली. १९७४ चा सिनेमा, श्याम बेनेगल यांचा पहिला, हैदराबादजवळ शूटिंग, आणि शबानाचा पण पहिलाच पडद्यावर आलेला. ती पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून नुकतीच बाहेर पडलेली, आणि त्यात मुक्या बहिऱ्या कुंभाराची बायको लक्ष्मी. ती बाई कशी उकिडवी बसते बघा, पदर कसा खोचते, जमीनदाराच्या पोरासमोर आधी नजर कशी खाली असते आणि शेवटी त्याच पोराच्या दारात उभी राहून कशी शिव्याशाप देते. पहिल्याच सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

पण खरं मला सांगायचंय ते 'सुस्मन' बद्दल. १९८७, परत बेनेगलच. पोचमपल्लीच्या विणकरांवर आहे, ओम पुरी विणकर रामुलू आणि शबाना त्याची बायको गौरम्मा. पैसा हातमाग संस्थांनीच घातलेला. तिकडं मोठ्या शहरातून ऑर्डर येते भारी रेशमाची, आणि ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांसाठी रेशीम विणलं त्याच्या पोरीच्या लग्नाला रेशमी साडी नाही, हा त्यातला पेच. गौरम्मा त्यावरून नवऱ्याशी ज्या पद्धतीनं बोलते ना, भांडण पण आहे आणि लाज पण आहे, ते आमच्या घरातलं आहे. आमची आजी कांड्या भरता भरता असंच बोलायची, हात थांबायचा नाही, तोंड पण थांबायचं नाही.

पूर्व भागात 'सुस्मन' किती जणांनी बघितलाय? मी विचारलं तर नाव पण माहीत नाही. 'अमर अकबर अँथनी' सगळ्यांना माहीत, त्यात पण ती आहेच म्हणा.

पूर्वभागातली

श्रीनिवासदादा, मनापासून धन्यवाद, 'सुस्मन'चं तुम्ही ज्या बाजूनं लिहिलंत तसं कुठं वाचलं नव्हतं.

तुम्ही म्हणताय त्यातूनच पुढचा मुद्दा निघतो. ती मुलाखतींतून सांगत आलीय की अशा भूमिका केल्यावर त्या अंगावरून पूर्ण झटकून टाकता येत नाहीत, काहीतरी आत राहतंच. 'अर्थ' नंतर (१९८२) बायका तिच्याकडं आपली दुःखं घेऊन यायला लागल्या, अगदी अनोळखी बायका, कारण त्या सिनेमात नवरा परत आल्यावर बायको त्याला नको म्हणते. असा शेवट चालणार नाही, बदला, असं वितरक म्हणत होते, तो बदलला नाही, आणि सिनेमा चालला. त्या बायकांना काय उत्तर द्यायचं हे तिला कळेना, तिथून बायकांच्या प्रश्नाकडं ती ओढली गेली. आणि 'पार', १९८४, गौतम घोष यांचा. बिहारचं दलित जोडपं, गाव सुटलेलं, पोटासाठी डुकरांचा कळप नदीतून पलीकडं न्यायचं काम घेतात, ती पोटुशी आहे. नसीरुद्दीन आणि शबाना. तो प्रसंग बघताना मला श्वास घेता येत नाही. हे करून दोन वर्षांत ती उपोषणाला बसलीय हे तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं.

'अर्थ', 'खंडहर', 'पार', लागोपाठ तीन वर्षं राष्ट्रीय पुरस्कार, म्हणजे नटी म्हणून ती सगळ्यात वर होती तेव्हाच ती फुटपाथवर बसली. काम मिळायचं बंद झाल्यावर समाजकार्य आठवलं असं तिच्याबाबतीत कुणालाच म्हणता येणार नाही.

इम्तियाज_सोलापुरी

अस्सलामु अलैकुम, नमस्कार सगळ्यांना. माझ्या लेखी तिचं सगळ्यात धाडसाचं काम १९८९ चं.

१ जानेवारीला दिल्लीजवळ साहिबाबादला डाव्या चळवळीतले रंगकर्मी सफदर हाश्मी यांचं पथनाट्य चालू असताना त्यांच्यावर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते वारले. त्याच महिन्यात दिल्लीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होता, सरकारी कार्यक्रम, मंत्री संत्री समोर. शबाना स्टेजवर गेली आणि त्या खुनाबद्दल सत्ताधारी पक्षाचा निषेध करणारं निवेदन वाचलं. आदल्याच वर्षी तिला पद्मश्री मिळालेली होती हे ध्यानात घ्या. आणि त्याच वर्षी स्वामी अग्निवेश आणि असगर अली इंजिनियर यांच्याबरोबर दिल्ली ते मेरठ पदयात्रा, १९८७ च्या मेरठच्या दंगलीनंतर, हाशिमपुऱ्यात पोलिसांनी मुसलमान पोरांना उचलून गोळ्या घातल्या त्यानंतर. त्या रस्त्यानं चालायला तेव्हा काळीज लागत होतं.

दोन्ही धर्मांतले कट्टर लोक तिच्यावर चिडले. तिचा 'फायर' सिनेमा लागला तेव्हा १९९८ ला थिएटरांची तोडफोड. वाराणसीला 'वॉटर' सिनेमासाठी केस काढून बसली आणि शूटिंगच बंद पाडलं, २००० साल. आणि २००१ ला तिनं कट्टरपणाच्या विरोधात तोंड उघडलं तर दिल्लीच्या एका इमामांनी टीव्हीवर नाचगाणं करणारी म्हणून हिणवलं. आमच्या घरात तेव्हा अब्बा टीव्हीसमोरून उठून गेले, म्हणले कुणाच्या लेकीला असं बोलतात का.

आपल्या शहरात चार हुतात्म्यांच्यात धनशेट्टी आहेत, शिंदे आहेत, सारडा आहेत आणि कुर्बान हुसेन आहेत, १२ जानेवारी १९३१ ला चौघांना एकाच दिवशी फाशी. ज्या गावात ही चार नावं रोज तोंडात असतात त्या गावाला ती पदयात्रा का काढली हे समजायला अवघड जाऊ नये.

विक्रम_होटगीरोड

इम्तियाजभाई, हे मला खरंच माहीत नव्हतं, महोत्सवाचं. चांगलं लिहिलंत.

एक प्रश्न आहे सगळ्यांना. १९९७ ला ती राज्यसभेवर गेली, राष्ट्रपतींनी नेमलेली, २००३ पर्यंत. सत्तेच्या इतकं जवळ गेल्यावर माणूस मऊ होतो असं मी आपल्या इथं पण बघितलंय. तिच्याबाबतीत?

अनघा_पुणे (माहेर दक्षिण कसबा)

राज्यसभेच्या काळातच राष्ट्रीय उद्यानाच्या झोपड्यांचा प्रश्न पेटलेला होता आणि ती त्या लोकांच्या बाजूनं उभी होती, म्हणून मऊ झाली असं मी म्हणणार नाही. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीची भारतातली सदिच्छा दूत झाली, बायकांचं आरोग्य वगैरे कामं. पण माझं स्वतःचं मत विचाराल तर अशा पदांपेक्षा मिजवानचं काम जास्त टिकाऊ आहे.

मिजवान म्हणजे कैफींचं गाव, उत्तर प्रदेशात आझमगढ जिल्ह्यात. अर्धांगवायूनंतर ते तिथं परत गेले, शरीर साथ देत नसताना गावासाठी रस्ता, शाळा, पोस्ट यामागं लागले, १९९३ ला संस्था काढली. १० मे २००२ ला ते गेले, तेव्हापासून शबाना बघते. मुलींची शाळा, कॉम्प्युटर, आणि चिकनकारीचं (भरतकामाचं) केंद्र, जिथल्या बायकांचं काम मनीष मल्होत्राच्या फॅशन शोपर्यंत जातं. इथं मला शंका पण आहे, सांगते. रॅम्पवर तो कपडा कितीला विकला जातो आणि टाका घालणाऱ्या बाईला किती मिळतं, हा प्रश्न प्रत्येक हस्तकलेला विचारायलाच पाहिजे, चांगल्या माणसाच्या संस्थेला पण. पण गावातली मुलगी स्वतःच्या कमाईमुळं लग्न पुढं ढकलू शकते, हे लहान नाही.

श्रीनिवास_कन्ना_चौक

शंका बरोबर आहे ताई. सोलापुरी चादरीला जीआय (त्या गावाचाच माल अशी सरकारी ओळख) मिळालं, नाव जगभर, आणि लूमवरच्या कामगाराची मजुरी बघा. टाका घालणारा आणि धोटा मारणारा, दोघांचं दुखणं एकच.

जुनी_गिरणी

विक्रम, तुमच्या सुरुवातीच्या प्रश्नाला पण उत्तर देतो, गिरण्या बंद झाल्या तेव्हा कोण आलं. स्टार कुणी आले नाहीत हे खरं. पण मी त्या गर्दीत होतो आणि माझं म्हणणं असं, आम्ही पण कुणाला बोलावलं नाही. आम्हाला वाटायचं नटनट्यांचं काय काम, त्या गणपतीत स्टेजवर बऱ्या. मुंबईच्या झोपडपट्टीवाल्यांनी असा विचार केला नाही, जे येईल त्याला बसवून घेतलं, डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सिनेमावाले. त्यांचा लढा त्यांच्याच हातात राहिला आणि आवाज मोठा झाला.

विडी_घरकुल

काका, हे पटलं.

श्रीनिवासदादा, 'सुस्मन' आपल्याकडं दाखवता येईल का? हुतात्मा स्मृती मंदिर परवडणार नाही, पण इथं घरकुलात समाजमंदिर आहे, पडदा आणि स्पीकर पोरं जमवतील. विडी वळणाऱ्या आणि लूमवरच्या बायका येतील, संध्याकाळी ब्रँच झाल्यावर ठेवू म्हणजे कुणाची मजुरी बुडणार नाही.

श्रीनिवास_कन्ना_चौक

चालतंय की. चांगली प्रत रीतसर कुठून मिळते ते मी बघालालो. हिंदी काही म्हाताऱ्यांना नीट कळणार नाही, मी सुरुवातीला तेलुगूतून गोष्ट सांगतो. तुमच्या आईला आणि तिच्या मैत्रिणींना मोर्चांचं बोलायला लावा, त्यांची नावं लिहून घेऊ.

पूर्वभागातली

मी येणार. वही मी आणते. विक्रम, तुम्ही पण या, आणि अनघाताई, माहेरी कधी येताय ते कळवा म्हणजे तारीख त्याप्रमाणं धरू.